खालच्या अकराजणी

धुलाईघरात त्या दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरली, दुसरी धाकटी. सख्ख्या जावा. थोरलीला तिथं सतरा वर्षं झाली होती. धाकटीला तिनंच चिकटवलं होतं, सहा वर्षांपूर्वी, दिराचं काम सुटलं तेव्हा. "माझ्या शब्दावर लागतेस, माझं नाक कापू नकोस," एवढंच तिनं बजावलं होतं. धाकटीनं ते इतकं मनावर घेतलं की सहा वर्षांत तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही आणि चांगलंही बोललं नाही. ती असल्याचं कुणाच्या लक्षातच येत नसे.

चार इस्पितळांचे कपडे तिथं धुवायला येत. धुणं, वाळवणं, इस्त्री, घड्या हे सगळं वरच्या मजल्यावर. तिथं मोठ्या खिडक्या होत्या. थोरली इस्त्रीच्या रोलरवर होती. ओली चादर एका बाजूनं आत सारायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर यायची. दिवसभर वाफ तोंडावर यायची. "आमच्या सुरकुत्या काही जात नाहीत, चादरींच्या मात्र जातात," असं ती म्हणायची आणि घडीवाल्या बायका हसायच्या.

धाकटी खाली होती. 'खाली' म्हणजे तळघर, पण तळघर कुणी म्हणत नसे. इस्पितळांतून आलेल्या बांधलेल्या पिशव्या घसरगुंडीवरून तिथं येऊन आदळायच्या. त्या सोडायच्या आणि कपडे निवडायचे: साध्या चादरी एकीकडे, ऑपरेशनचे हिरवे कपडे दुसरीकडे, रक्तानं भिजलेलं तिसरीकडे. अकराजणी ते करत. कपड्यांच्या गुंडाळ्यांतून काय निघेल याचा नेम नव्हता. चमचे निघत, कवळ्या निघत, एकदा चालू मोबाइल निघाला आणि त्यावर कुणाची तरी आई विचारत होती, "जेवलास का?" आणि सुया निघत.

त्यातली एक सुई खालच्या चष्मेवालीच्या तळव्यात शिरली. दोन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ रक्तातून आली होती. चार महिने ती अंथरुणावर होती. कंपनीनं विचारलं, सुई इथंच टोचली याला पुरावा काय? आणि तिची जागा भरली. चष्मेवाली एकदा फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचं मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. त्या आठवड्यात धुलाईघरातल्या त्र्याण्णव माणसांनी युनियनच्या कागदावर सह्या केल्या. आधी तीन वर्षं हाच कागद फिरत होता आणि त्यावर नऊ सह्या होत्या.

बोलणी करायला पाचजणांची समिती निवडली. बाहेरून आलेला युनियनचा सेक्रेटरी, ड्रायरवाला, गाडीवाला, घडीवाल्यांतली एक आणि थोरली. खालून एक तरी हवी, असं सेक्रेटरी म्हणाला होता. पण खालच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि धाकटीला पुढं ढकललं. तिनं जमिनीकडे बघत सांगितलं, "आमच्या जाऊबाई आहेत ना. त्या बोलतील आमचं. त्यांना बोलता येतं."

आणि थोरलीला खरंच बोलता येत होतं. कंपनीचा व्यवस्थापक भारी गोडबोल्या. कामगारांनी त्याचं नाव साखऱ्या ठेवलं होतं. तो बोलून गेला की खुर्चीला मुंग्या लागतात म्हणे. पहिल्याच बैठकीत त्यानं सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला आणि म्हणाला, "हे बघा, भांडायला आपण काही शत्रू नाही. आपल्याला संबंध सुधारायचेत." शेजारी कंपनीचा सल्लागार बसला होता. तो काही बोलत नव्हता, नुसता लिहीत होता.

दुसऱ्या बैठकीला निघताना धाकटीनं थोरलीच्या हातात बिस्किटांचा एक डबा दिला. "हे न्या. आम्ही महिनाभर साठवल्यात. एकीलाही फेकू दिली नाही मी."

साखऱ्या हातमोज्यांच्या मागणीवर सांगत होता की जाड हातमोज्यांनी कामाचा वेग मंदावतो, आणि अशा घटना तशा विरळच. थोरलीनं डबा उघडला आणि टेबलावर पालथा केला. सुया, दोन पाती, एक तुटलेली कात्री. काही सुयांना वाळलेलं रक्त होतं. साखऱ्यानं चहाचा कप झटकन मागं ओढला.

"त्रेचाळीस आहेत," थोरली म्हणाली. "एका महिन्यातल्या. विरळ म्हणजे किती, साहेब? तुम्ही सांगा, आम्ही तेवढ्याच काढू."

सल्लागाराचं पेन थांबलं. त्याच दिवशी हातमोजे मंजूर झाले, लांब चिमटे मंजूर झाले, खाली हवा खेळती ठेवायला दोन पंखेही. बाहेर आल्यावर सेक्रेटरीनं थोरलीच्या पाठीवर थाप मारली. "तीस वर्षं ही बोलणी करतोय बाई, असं टेबल मी पाहिलं नव्हतं." खाली बातमी कळली तेव्हा धाकटी चक्क मोठ्यानं हसली. घरी येऊन तिनं सासूबाईंना ती हकिगत दोनदा सांगितली, साखऱ्याचा आवाज काढून. थोरलीला वाटलं, हिला आवाज काढता येतात हे आपल्याला माहीतच नव्हतं.

पुढच्या चार बैठकांत गाडं पुढं सरकत गेलं. पाळ्यांचा तक्ता आठवडाभर आधी लागणार. लघवीला जायला मुकादमाची परवानगी लागणार नाही. हे दुसरं मिळालं तेव्हा घडीवाली रडली. ती म्हणाली, मी एकवीस वर्षं दुपारी पाणी पीत नाही. आता एकच मोठी मागणी राहिली होती, सगळ्यांना कायम करण्याची. त्र्याण्णवातली बरीचशी माणसं वर्षानुवर्षं हंगामी होती. थोरलीसुद्धा. सतरा वर्षं दर अकरा महिन्यांनी तिला काढत आणि पुन्हा घेत.

सातव्या बैठकीत साखऱ्यानं चहा ओतला आणि एक कागद पुढं केला.

"कायम करू," तो म्हणाला. "वरच्या सगळ्यांना. येत्या पहिल्या तारखेपासून."

"वरच्या?" गाडीवाल्यानं विचारलं.

"आणि खालचं काम एका ठेकेदाराकडे देऊ. या कामातला जाणकार माणूस आहे तो." साखऱ्या थोरलीकडे वळला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच आदर होता, तेच तिला नंतर टोचत राहिलं. "बाई, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. त्या सुया पाहून मी वरिष्ठांकडे गेलो. म्हटलं, हा धोका आपल्या अंगावर ठेवण्यासारखा नाही. तुम्हीच दाखवून दिलंत."

थोरलीला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं. आपणच आणून ओतलेलं होतं ते, डबाभर.

"त्यांच्या नोकऱ्या?" तिनं विचारलं.

"एकीचीही जात नाही. त्याच जागी, तेच काम. फक्त मालक बदलतो."

"आणि हातमोजे? चिमटे?"

"सगळं तसंच राहील. माझा शब्द आहे."

"मग शब्द लिहा."

सल्लागार त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "दुसऱ्याच्या माणसांबद्दल आपण आपल्या करारात कसं लिहिणार, बाई? कायद्यानं ते बसत नाही." आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं, तोवर ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये, नाहीतर मंजूर झालेलं सगळंच मागं घेतलं जाईल, हेही त्यानं शांतपणे सांगितलं.

शुक्रवारी दुपारी पाचजण कॅन्टीनमागच्या खोलीत बसले. तिथं रिकामे क्रेट होते, त्यांवरच बसले. गाडीवाला भडकला होता. "आवळा देऊन कोहळा काढतोय तो. आज अकराजणी, उद्या माझी गाडी ठेकेदाराला. मी नाही म्हणतो." घडीवालीही नाही म्हणाली. ड्रायरवाला हो म्हणाला, मान वर न करता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते.

सेक्रेटरीनं चष्मा काढून पुसला. तो लबाड माणूस नव्हता. "मी संप बुडताना पाहिलेत," तो म्हणाला. "तीन. शेवटच्याला एकशे वीस माणसं बाहेर होती, एकही परत आत गेला नाही. आज ब्याऐंशी घरं मार्गी लागतायत. अकराजणींचं काम जात नाहीये. पुढच्या करारात त्यांना परत आणू. मी हो म्हणतो." मग तो थोरलीकडे वळला. "दोन-दोन झाले. बाई, तुम्ही बोला."

बोलणं हेच तर तिचं भांडवल. पण त्या वेळी तिला एक शब्द सुचेना. खालच्यांना विचारलं पाहिजे, एवढं तिला कळत होतं. विचारायची बंदी आहे, हेही कळत होतं, आणि त्या बंदीचा आपल्याला आधार वाटतोय, हे सगळ्यात जास्त कळत होतं. सतरा वर्षं. दर अकरा महिन्यांनी धडधडत्या छातीनं फलकावर आपलं नाव शोधणं. पायांच्या फुगलेल्या निळ्या शिरा. ती दमली होती. धाकटीचं काम तर जात नाहीये, तिनं स्वतःला सांगितलं. फक्त मालक बदलतोय. साखऱ्याचंच वाक्य होतं ते.

तिनं हात वर केला. वर केला म्हणण्यापेक्षा मांडीवरून उचलला, एवढंच. सेक्रेटरीला तेवढं पुरलं. घडीवाली उठून निघून गेली.

त्या संध्याकाळी घरी धाकटी कांदा चिरत बसली होती. "काय झालं हो बैठकीत?" तिनं विचारलं. "आज उशीर झाला तुम्हाला."

"ठरतंय," थोरली म्हणाली.

"चांगलं ठरतंय ना?"

"ठरलं की कळेलच." आणि ती कपडे बदलायला आत गेली, ती जेवायच्या वेळीच बाहेर आली. शनिवार-रविवार एका छताखाली काढले, ताटाला ताट लावून जेवल्या, पण थोरलीच्या तोंडून शब्द फुटला नाही. सांगायला दोन दिवस होते तिच्याकडे. पुढं ती त्या दोन दिवसांचा हिशोब स्वतःपाशी पुष्कळदा मांडत बसायची, आणि दर वेळी तिला आढळायचं की वेळ भरपूर होता.

सोमवारी सकाळी दहाला वरच्या मजल्यावर सभा झाली. मशिनं बंद केली. इतकी शांतता त्या जागेत कुणी ऐकली नव्हती. खालच्या बायकांना यायचं होतं, पण नेमक्या त्याच वेळी दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि मुकादमानं त्यांना सोडलं नाही. सेक्रेटरीनं करार वाचून दाखवला. एकेका कलमाला टाळ्या पडत होत्या. सातव्या कलमाला, ठेकेदाराच्या, जरा कमी पडल्या. पण त्यानंतर लगेच आठवं होतं, कायम करण्याचं, आणि त्याला लोकांनी पाय आपटले, टोप्या उडवल्या.

तो आवाज फरशीतून खाली गेला. नंतर गाडीवाल्यानं थोरलीला सांगितलं, तो तेव्हा खाली पिशव्या उतरवत होता. वरचा गजर ऐकून अकराजणींनी हातातलं टाकलं आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. धाकटीनं हातमोजे काढून वाजवल्या, आवाज नीट यावा म्हणून.

दुपारी मुकादमानं त्यांना एकेक पाकीट दिलं. पाकिटात ठेकेदाराचं पत्र होतं आणि एक पिवळा एप्रन.

संध्याकाळी थोरली घरी पोचली तेव्हा पिवळा एप्रन घडी करून टेबलावर ठेवला होता. धाकटी सासूबाईंच्या पायाला तेल लावत होती. ती उठली नाही.

"जाऊबाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही हो म्हणालात की नाही म्हणालात?"

थोरलीनं पिशवी खाली ठेवली. "अगं, ऐकून घे. दोन-दोन झाले होते. मी नाही म्हटलं असतं तर सगळंच..."

"म्हणजे हो म्हणालात."

"काम गेलं नाही तुझं. पुढच्या करारात परत आणायचं ठरलंय. सेक्रेटरीनं शब्द दिलाय."

"बरं," धाकटी म्हणाली आणि सासूबाईंचा दुसरा पाय मांडीवर घेतला. भांडली असती तर बरं झालं असतं. थोरलीनं भांडणाची तयारी केली होती, उत्तरं जुळवून ठेवली होती. ती सगळी तोंडातच राहिली. सासूबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "कुणीतरी मला सांगाल का काय झालंय?" दोघीही म्हणाल्या, "काही नाही."

वर संबंध खरोखर सुधारले. साखऱ्या येता-जाता विचारपूस करू लागला. तक्रारींसाठी महिन्यातून एकदा बसणारी सुसंवाद समिती झाली, तिच्यावर थोरलीला घेतलं. लोक वेळेवर येत, वेळेवर जात, हसतखेळत काम होई. खाली ठेकेदारानं पहिल्या महिन्यात जाड हातमोजे दिले. ते फाटल्यावर पातळ दिले, दवाखान्यात नुसतं तपासायला घालतात तसले. चिमटे कंपनीच्या मालकीचे म्हणून वर गेले आणि कपाटात राहिले. पंख्यांचं तर कुणी नावही काढलं नाही. अकराजणींची जेवणाची सुट्टी वेगळी केली, म्हणजे कॅन्टीनमध्ये पिवळे एप्रन आणि निळे एप्रन समोरासमोर येत नसत.

पाचव्या महिन्यात धाकटीच्या अंगठ्याच्या बुडाशी सुई शिरली. आरपार.

थोरलीला ते गाडीवाल्याकडून कळलं. ती रोलर तसाच सोडून जिन्याकडे धावली. खालच्या दारावर आता एक पहारेकरी होता. "ठेकेदाराची हद्द आहे, पास लागतो." सतरा वर्षं ज्या जिन्यानं ती चढत-उतरत होती, त्याच्या शेवटच्या पायरीवर तिला थांबवलं. दाराच्या काचेतून धाकटी दिसत होती. नळाखाली हात धरून उभी होती. तिनं मान वळवली, थोरलीला पाहिलं, आणि पुन्हा नळाकडे पाहिलं.

सुसंवाद समितीच्या बैठकीत थोरलीनं विषय काढला. साखऱ्याला खरंच वाईट वाटलं. "फार दुःख झालं ऐकून," तो म्हणाला. "पण ही समिती आपल्या कामगारांसाठी आहे. त्यांच्या मालकाच्या कारभारात आपण हात घालू शकत नाही." सल्लागारानं कराराची प्रत तिच्यासमोर सरकवली, सातव्या कलमाचं पान उघडून. तळाशी पाच सह्या होत्या, नाही म्हणालेल्या दोघांच्यासुद्धा. तिची सगळ्यात ठळक होती. दाबून लिहायची सवय तिला.

ती सेक्रेटरीकडे गेली. "ती आपली सभासद राहिली नाही, बाई. मी ठेकेदाराला पत्र लिहीन. पण लिहून काय होणार, ते तुम्हालाही माहीत आहे." पत्र त्यानं लिहिलं. उत्तर आलं की सदर महिला सोमवारपासून कामावर नाही.

धाकटीच्या रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. पहिली लगेच, दुसरी दीड महिन्यानं, तिसरी आणखी दीड महिन्यानं. थोरली म्हणाली, मी येते बरोबर. धाकटी म्हणाली, "नको. तुमचा खाडा होईल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती ताट-वाटी वेगळी ठेवू लागली, टॉवेल वेगळा, आणि मुलांना जवळ येऊ देईना. डॉक्टरांनी असं काही करायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, पण ती ऐकेना. दीर नवं काम शोधत दुसऱ्या गावी गेला होता. तिथून तो फोन करायचा आणि धाकटी दाराबाहेर जाऊन बोलायची.

थोरलीनं एक शेवटचा प्रयत्न केला. पाळी सुटायच्या वेळी ती मागच्या फाटकाशी उभी राहिली, जिथून पिवळे एप्रन बाहेर पडत. दहाजणी होत्या, आणि धाकटीच्या जागी एक नवी. थोरलीनं त्यांना थांबवलं. म्हणाली, तुमचीही युनियन करता येते, ठेकेदाराशीही बोलणी करता येतात, कायदा आहे, मी मदत करते, नावं गोळा करू. ती चांगलं बोलली. नवी बाई तर मान डोलावत होती.

त्यांच्यात जी वयानं मोठी होती तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही फार चांगलं बोलता, बाई," ती म्हणाली. "मागच्या वेळी आम्ही म्हणूनच तुम्हाला पाठवलं होतं."

थोरलीनं तोंड उघडलं.

"उशीर होतोय," ती बाई बाकीच्यांना म्हणाली, आणि त्या गेल्या. नवीनं दोनदा मागं वळून पाहिलं. मग तीही गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं सुसंवाद समितीचा राजीनामा दिला. साखऱ्यानं तो आग्रह करकरून परत घ्यायला लावायचा प्रयत्न केला. तिच्या जागी ड्रायरवाला आला. फरक काही पडला नाही.

तिसऱ्या तपासणीचा कागद एका रविवारी सकाळी घरात होता. थोरली स्वयंपाकघरात होती. पलीकडच्या खोलीत धाकटी सासूबाईंना सांगत होती, सावकाश, मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. "काही निघालं नाही. तीन महिने झाले, रक्त चांगलं आहे म्हणतात." सासूबाई रडायला लागल्या. मग त्यांनी हाक मारली, "अगं थोरले, ऐकलंस का?"

थोरली हात पुसत दारात आली. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल. "ऐकलं," ती म्हणाली. "फार चांगलं झालं."

"हो," धाकटी म्हणाली. "आणि आम्ही तिकडं जातोय. यांना काम लागलंय. खोली बघितलीय त्यांनी. आज दुपारच्या गाडीनं निघतोय."

"आजच?"

"सामान तरी काय आहे आमचं."

खरंच फार नव्हतं. एक ट्रंक, दोन गाठोडी आणि मुलांची दप्तरं. थोरलीनं ट्रंकेची एक कडी धरली, धाकटीनं दुसरी. जिना अरुंद होता. थोरली पुढं होती आणि उलटी उतरत होती, त्यामुळे सगळा वेळ दोघी समोरासमोर होत्या. धाकटीच्या अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरा ठिपका राहिला होता. मधल्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या.

"मी तुला आधी सांगायला हवं होतं," थोरली म्हणाली. "त्या शुक्रवारीच. निदान शनिवारी."

धाकटीनं थोडा विचार केला. "सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? तुम्हालाच विचारलं असतं, आता काय करायचं म्हणून." तिनं कडीवरचा हात बदलला. "उचला. गाडीची वेळ होतेय."

खाली रिक्षा उभी होती. ट्रंक मागं बसेना म्हणून रिक्षावाल्यानं ती दोरीनं बांधली. मुलं चढली. धाकटी चढायच्या आधी वाकून थोरलीच्या पाया पडली, मोठ्या जावेच्या पडतात तशी, रीतीनं, घाईघाईत. थोरली तिला उठवायला वाकली, पण तोवर ती उठून आत बसलीसुद्धा होती.

रिक्षा कोपऱ्यावर वळली. वरून सासूबाई विचारत होत्या, गेली का ती, पाण्याची बाटली घेतली का. थोरली जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. सोमवारी सकाळची पाळी होती. तक्ता आठवडाभर आधीच लागला होता.